मालक म्हणतात वंगणतेल पेटत नाही. अर्धं खरं आहे

गोव्यातल्या होंडा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपच्या सुपरवायझरचा प्रश्न आलाय. दोन हायड्रोलिक प्रेस, तीन लेथ, एका कोपऱ्यात वेल्डिंग, मागच्या शेडमध्ये तेलाची बारा-चौदा बॅरलं. गेल्या आठवड्यात प्रेसचा होस फुटला आणि ऑपरेटरच्या तोंडावर, डोळ्यांत तेल उडालं. एकजण म्हणाला पाणी मार, दुसरा म्हणाला तेलाला पाणी चालत नाही, आणि त्या वादात पाच मिनिटं गेली. मालकांचं म्हणणं, वंगणतेल पेटतच नाही, शेडमध्ये पावडरचा एक सिलिंडर आहे तेवढा पुरे. शिवाय रिकामी बॅरलं गावातले लोक मागतात, ती कापून द्यावीत का, हेही विचारलंय.

मी डिचोलीकडच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्यातले बरेच जण औद्योगिक वसाहतींत शिरले, मीही त्यातलाच. तेव्हापासून मेंटेनन्सबरोबर सेफ्टीचंही काम गळ्यात आहे. तेव्हा पुस्तकातलं कमी आणि हाताखालून गेलेलं जास्त सांगतो.

आधी तो पाण्याचा वाद मिटवू. पेटलेल्या तेलावर पाणी घालायचं नाही हे खरं. पण तेल उडालेल्या माणसावर पाणीच घालायचं, आणि भरपूर. या दोन गोष्टी लोकांच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्यात. डोळ्यात तेल गेलं की डोळा न चोळता, पापण्या बोटांनी उघड्या धरून, नळाचं स्वच्छ पाणी हलक्या धारेने सलग 15 मिनिटं. घड्याळ लावून 15, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत "आता बरं वाटतंय" म्हणून उठतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर सहज निघत असल्यास काढायची. डोकं कलतं ठेवायचं, म्हणजे एका डोळ्यातलं तेल दुसऱ्यात उतरत नाही. नवं कोरं हायड्रोलिक तेल डोळ्याला बहुधा चुरचुरण्यापलीकडे फार करत नाही. पण मशीनमधून आलेलं तेल गरम असतं, त्यात धातूचा कीस असतो. म्हणून धुऊन झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचंच, लाली उतरली असली तरी.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात हे उत्तर लिहायला घेतलं. तुमच्या ऑपरेटरच्या हातावर, बोटावर, गालावर कुठे टाचणी टोचल्यासारखा ठिपका आहे का, ते कोणी बघितलं का?

खाणीत असताना आमच्याकडे दोडामार्गचा एक फिटर होता. एक्स्कॅव्हेटरच्या होसमधून तेल कुठून पाझरतंय ते बघायला त्याने इंजिन चालू ठेवून होसवरून हात फिरवला. तर्जनीला काहीतरी चावल्यासारखं झालं एवढंच तो म्हणाला. रक्त नाही, सूज नाही, एक बारीक भोक. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन, पट्टी लावून परत पाठवलं. त्याने पाळी पूर्ण केली. रात्री हात ठणकायला लागला, सकाळी बोट वांग्यासारखं काळंनिळं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, नेलं तेव्हा डॉक्टरांनी हात उभा चिरून आतलं तेल धुऊन काढलं, बोट मात्र गेलं. तो आजही डाव्या हाताने स्पॅनर फिरवतो.

झालं काय होतं? तेल कातडीतून आत घुसून बोटातल्या स्नायुबंधांच्या पोकळीतून तळव्याकडे पसरलं होतं. एक्स्कॅव्हेटरच्या हायड्रोलिकमध्ये 300 बारच्या वर दाब असतो, तुमच्या प्रेसमध्ये 200 ते 250 धरा. कातडी भेदायला त्यातला फारच थोडा पुरतो, साधारण 7 बार. हाताने दाबायची साधी ग्रीस गनसुद्धा निपल अडकलं की कित्येकशे बार काढते. जखम लहान दिसते, पहिले काही तास दुखतही नाही, उलट बोट बधिर वाटतं. आत मात्र तेल मांस मारत असतं, दाबाने रक्तपुरवठा बंद होत असतो. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर बोट वाचण्याची शक्यता बरीच, पुढे दर तासाला ती घटत जाते.

म्हणून दाबाखालच्या तेलाने किंवा ग्रीसने कातडीला भोक पडल्याचा नुसता संशय आला तरी माणूस थेट गोमेकॉत. वाटेतल्या दवाखान्यात थांबून धनुर्वाताच्या इंजेक्शनवर समाधान मानायचं नाही. होंड्याहून बांबोळीला तास-सव्वा तास लागतो, म्हणजे तुमच्या सहा तासांतला तेवढा आधीच रस्त्यावर जातो. 108 ला फोन करताना आणि अपघात विभागात पोचल्यावर नेमके शब्द वापरायचे: "जास्त दाबाचं तेल बोटात घुसलंय, हाय प्रेशर इंजेक्शन इंज्युरी". "तेल लागलंय" म्हणालात तर तुम्हाला रांगेत बसवतील, त्यात त्यांची चूक नाही. भोक पिळायचं नाही, शेकायचं नाही, चोळायचं नाही. हात उंच धरायचा, अंगठी आणि घड्याळ सूज यायच्या आत काढायचं, खायला-प्यायला द्यायचं नाही कारण भूल द्यावी लागेल. आणि बॅरलवरच्या लेबलाचा फोटो बरोबर न्यायचा. डॉक्टर पहिलं विचारणार ते हेच की आत गेलंय काय.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून होसजवळून फिरवायचा. तेलाची बारीक धार डोळ्याला दिसत नाही, पुठ्ठ्यावर डाग मात्र उमटतो. आणि होस सोडण्याआधी नुसता पंप बंद करून भागत नाही. अॅक्युम्युलेटर असेल तर त्यात दाब साठून राहतो, तो गेजवर शून्य दिसेपर्यंत सोडायचा. गोव्याच्या हवेत होसच्या रबराखालची तारेची जाळी आतून गंजते, बाहेरून होस नवा दिसतो. रबरावर बारीक फुगवटा दिसला की होस फुटायची वाट बघू नका. होसवर बनवल्याची तारीख छापलेली असते, ती वाचायची सवय ठेवा.

बाकीचे प्रथमोपचार यापुढे सोपे आहेत, पण दोन ठिकाणी लोक हमखास उलटं करतात.

एक, भाजणं. गरम तेल पाण्यासारखं निथळून जात नाही, कातडीला चिकटून राहतं आणि भाजत राहतं. भिजलेले कपडे लगेच काढायचे (कातडीला चिकटले असतील तेवढा भाग सोडून) आणि वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, कोरफडसुद्धा नाही. नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने किंवा स्वयंपाकघरात वापरतात त्या पातळ प्लास्टिकने सैल झाकून न्यायचं. माझ्या पाहण्यात भाजलेल्या हातावर लोण्याचा गोळा चोपडून आलेला कामगार आहे. डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागलं, त्याच्या किंकाळ्या अजून कानात आहेत.

दोन, तेल पोटात जाणं. हे होतं कसं, तर बॅरलमधून पाइप लावून तोंडाने ओढताना. साधा हातपंप न घेतल्याने होणारा अपघात आहे हा. तेल गिळल्यावर सगळे जण घशात बोटं घालून ओकायला लावतात किंवा मिठाचं पाणी पाजतात. ते मुळीच करायचं नाही. पोटात गेलेलं थोडं वंगणतेल बहुधा जुलाबावर निभावतं. ओकताना तेच तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते आणि ते जिवावर बेततं. इथे तेल जितकं पातळ तितका धोका मोठा. 40 अंशांना ज्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, 20.5 सेंटिस्टोक किंवा त्याहून कमी, ते तेल फुप्फुसात सहज उतरणारं म्हणून धरतात. म्हणजे तुमचं 68 नंबरचं हायड्रोलिक किंवा 320 चं गियर ऑईल त्या मानाने जाड, पण स्पिंडल ऑईल, ट्रान्सफॉर्मर ऑईल, डिझेल, रॉकेल हे सगळे पातळ. गिळलेल्या माणसाला तोंड खळखळून धुवायला सांगा आणि दवाखान्यात न्या. लगेच खोकला सुटला असेल, ठसका लागला असेल, तर तेल आत गेलंय असंच समजून 108.

रोजच्या तेलकट हातांचंही सांगायला हवं. सुटीच्या वेळी रॉकेलने किंवा थिनरने हात धुणारे फिटर अजून आहेत. त्याने तेल जातं आणि कातडीचं स्वतःचं तेलही जातं, मग भेगा पडतात, आणि त्या भेगांतून दुसऱ्या दिवशीचं तेल आत. साबण आणि पाणी, आणि जेवणापूर्वी, बिडी पेटवण्यापूर्वी. तेलाची चिंधी पॅंटच्या मागच्या खिशात खोचायची सवय तर मोडाच. इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांत मशीनच्या तेलाने कायम भिजलेल्या कामगारांना मांडीच्या सांध्याशी कातडीचे कॅन्सर झाले, हा वैद्यकाच्या इतिहासातला जुना धडा आहे. आज मिळणारी नवी तेलं चांगली शुद्ध केलेली असतात, त्यांचा तसा धोका नाही. पण इंजिनमधून निघालेलं काळं तेल वेगळं. जळताना त्यात नको ती द्रव्यं तयार होतात. आपल्याकडे ते वाळवीसाठी वाशांना फासतात, खरूज झालेल्या कुत्र्याला लावतात, गुरांच्या जखमेवरसुद्धा. हे थांबवा म्हणून मी घरोघरी सांगून थकलो. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, परवाना असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं आणि 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही.

आता मालकांच्या वाक्याकडे.

68 नंबरच्या हायड्रोलिक तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफेला ठिणगी लागली तर भडका दिसतो तो, साधारण 200 अंशांच्या वर असतो. डिझेलचा 35 च्या आसपासही असू शकतो, पेट्रोलचा तर शून्याच्या खूप खाली. पेट्रोलियमच्या नियमांत 23, 65 आणि 93 अंशांच्या रेषा आखून अ, ब, क असे वर्ग केलेत, आणि आपली बहुतेक वंगणतेलं त्या तिन्ही वर्गांच्या बाहेर पडतात. 2023 च्या जानेवारीत पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागली, आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. तो माल वेगळ्या जातीचा. तुमच्या शेडमधल्या बारा-चौदा बॅरलांवर कोणी पेटती काडी टाकली तर ती बहुधा विझेल. तेवढं मालकांचं खरं.

पण वंगणतेल तीन रूपांत पेटतं. पहिलं रूप वातीचं, पणती बघा. पणतीतल्या तेलात काडी बुडवली तर विझते, आणि तेच तेल वातीवर चढलं की रात्रभर जळतं. वात थोडंसंच तेल वर खेचते, तेवढं तापवायला काडीची आच पुरते, मग ते स्वतःच्या ज्योतीने पुढचं तापवत राहतं. आता तुमच्या वर्कशॉपमध्ये वाती किती आहेत ते मोजा. कोपऱ्यातल्या तेलकट चिंध्या, गळतीवर टाकलेला लाकडाचा भुसा, लेथखालचा पुठ्ठा, ऑपरेटरचा भिजलेला बॉयलर सूट. वेल्डिंगची एक ठिणगी यातल्या कशावरही पुरते. तेलाच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा रोज संध्याकाळी रिकामा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेटतात, खनिज तेलाच्या बहुधा नाही. पण गरम पाइपावरच्या कापसासारख्या लॅगिंगमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या आवरणात) खनिज तेल मुरलं तर तेही आतल्या आत तापत जाऊन पेटतं, आजूबाजूला ज्योत नसताना. औषधांच्या कारखान्यांत थर्मिक फ्लुइडच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या) लाइनी आहेत तिथे हा प्रकार माहितीचा आहे. तिथलं तेल तर चालतंच फ्लॅश पॉइंटच्या वर.

दुसरं रूप फवाऱ्याचं. हे तुमच्याकडे गेल्या आठवड्यात होऊन गेलं, फक्त जवळ ठिणगी नव्हती. बारीक थेंबांच्या धुक्याला फ्लॅश पॉइंटची पर्वा नसते, प्रत्येक थेंब इतका लहान की क्षणात तापतो. गार तेलाचा फवारासुद्धा भडकतो. खाणीतली जी यंत्रं मी जळताना पाहिली त्यांतली बरीचशी अशीच: होस फुटला, तेल टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर पडलं. हे एक्झॉस्ट कामाच्या भरात 400 अंशांच्या वर जातं, ठिणगीचीही गरज उरत नाही. 8 ऑगस्ट 1956 ला बेल्जियममध्ये मार्सिनेलच्या कोळसा खाणीत पिंजऱ्यात अर्धवट शिरलेल्या एका गाडीने वर जाताना तेलाची दाबाची नळी आणि विजेच्या केबल्स एकदमच तोडल्या. 262 माणसं गेली. युरोपातल्या खाणींत लवकर न पेटणाऱ्या हायड्रोलिक द्रवांचा आग्रह त्यानंतर वाढला. पाणी-ग्लायकॉलचे द्रव त्यातलेच. तुमच्या प्रेसच्या शेजारी भट्टी नसेल तर त्या खर्चात पडू नका, सील बदलावे लागतात आणि प्रत्येक पंपाला ते मानवत नाहीत. त्यापेक्षा वेल्डिंगचा कोपरा हलवा. हलवता येत नसेल तर प्रेस आणि वेल्डिंग यांच्यामध्ये पत्र्याची उभी आडभिंत घाला. हे या महिन्यात होण्यासारखं काम आहे.

फवारा पेटला तर पहिला हात सिलिंडरकडे जाऊ नये, पंप बंद करणाऱ्या लाल मश्रूम बटणाकडे जावा. पंप चालू असेपर्यंत तुम्ही विझवाल आणि ते पुन्हा पेटेल. ते बटण होसच्या बाजूलाच असेल तर ज्वाळेतून हात घालावा लागेल, म्हणून दाराजवळ दुसरं बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम.

तिसरं रूप कढईचं. हार्डनिंगची (तापलेलं लोखंड तेलात बुडवून कडक करायची) टाकी असो की कढई, तापलेल्या तेलात पाणी पडलं की ते तळाशी जातं, एकदम वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा मागते. ती जागा मिळवताना पेटतं तेल वर उडवते. फोडणीत पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे, इथे तेच 200 लिटरला होतं. पावसाळ्यात हे पाणी कुठून येतं, तर उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलांतून. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा बाहेर जाते. रात्री पाऊस पडतो, गार होतं, आणि वरच्या कडेत साचलेलं पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. बूच घट्ट असलं तरी. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एका चतुर्थीपर्यंत बॅरलमध्ये तांब्याभर पाणी सहज. शेडमध्ये जागा नसेल तर बॅरलं आडवी ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी, म्हणजे बुचं आतून तेलाखाली राहतात आणि ओलावा आत खेचला जात नाही.

आणि एक गोष्ट या तिन्हींत बसत नाही, पण वर्कशॉपमध्ये सगळ्यात झटकन माणूस मारते. गॅस कटिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. व्हॉल्व्ह जड फिरतो म्हणून त्यावर दोन थेंब तेल सोडणारा मी पाहिलाय, त्याचा हात मी धरला. दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवाय स्फोटासारखं पेटतं. तेलकट हातमोज्यांनी रेग्युलेटर लावायचा नाही, तेलाची बॅरलं आणि ऑक्सिजन एका शेडमध्ये ठेवायचे नाहीत. आणि अंगावरची धूळ झाडायला ऑक्सिजन तर कधीच नाही, भिजलेला बॉयलर सूट असताना ते म्हणजे स्वतःला पेटवून घेणं.

सिलिंडर कोणता? तुमचा एबीसी पावडरचा सिलिंडर ज्वाला झटकन मारतो, पण तेल गार करत नाही. 6 किलोची पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते, आणि तापलेलं तेल पुन्हा भपकन पेटतं, तेव्हा हातात रिकामं नळकांडं असतं. फोमचा सिलिंडर तेलावर साय धरतो, वाफ आणि हवा तोडतो. म्हणून पावडरबरोबर 9 लिटरचे फोमचे दोन घ्या, एक शेडच्या दाराशी आणि एक प्रेसजवळ. फोमची धार पेटत्या तेलात सरळ मारायची नाही, मागच्या भिंतीवर मारायची म्हणजे फेस हळू उतरून पसरतो. विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइडचा एक. उघड्या शेडमध्ये वाऱ्याला तो टिकत नाही, आणि त्याच्या शिंगाला, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या कर्ण्याला, हात लावला तर बर्फाने भाजतं. त्याला गेज नसतो, वजन करूनच कळतं. दहावा हिस्सा वजन कमी झालं की भरून घ्यायचा. खाऱ्या हवेत सिलिंडरचा तळ गंजतो, दर महिन्याला उचलून खालून बघा. आणि बाळगायची जागा: बाहेर पडायच्या वाटेवर. एका कारखान्यात मी तो बॅरलांच्या मागे टांगलेला पाहिला, म्हणजे आगीतून जाऊन आणायचा.

वाळूच्या बादल्या मला या सगळ्यांइतक्याच आवडतात. सांडलेलं तेल अडवायला, पेटलेलं छोटं थारोळं झाकायला, आणि गंजत नाहीत. फक्त त्यांत पानाच्या पिंका टाकू देऊ नका.

विझवायचं कुठवर? आग तुमच्या कमरेच्या वर गेली, धूर डोक्यापर्यंत उतरला, किंवा एखादं बंद बॅरल आगीत सापडलं, की सगळ्यांनी बाहेर. 101 ला फोन. बंद बॅरल तापून फुटतं तेव्हा त्याचं झाकण शेडच्या पत्र्यातून पार जातं. तेलाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, गियर ऑईलच्या गंधकातून सल्फर डायऑक्साइडही. नाकाला फडकं बांधून त्यात शिरणाऱ्यांना मी शूर म्हणत नाही. बंबवाल्यांना आल्या आल्या एक कागद हातात द्या: शेडमध्ये काय, किती, कुठे, ऑक्सिजन कुठे, मेन स्विच कुठे. प्रत्येक तेलाच्या एसडीएसची (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षेच्या माहितीपत्रकाची) प्रत तेल विकणारा देतो. चौथ्या भागात प्रथमोपचार, पाचव्यात आग, नवव्यात फ्लॅश पॉइंट आणि व्हिस्कॉसिटी. ती तीन पानं प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावा. पण वर मोठ्या अक्षरांत चार ओळी मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लिहा. होंड्यात मशीनवर उभी असलेली निम्मी पोरं कोणत्या गावची आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, इंग्रजी एसडीएस त्यांनी वाचावा ही अपेक्षा म्हणजे पळवाट.

सगळ्यात जास्त माणसं मात्र तेलाने ना जळतात ना विषबाधा होऊन पडतात. ती घसरतात. मनगट मोडणं, डोकं आपटणं, लेथवर तोल जाणं. सांडलेलं तेल दिसलं की ज्याला दिसलं त्याने वाळू टाकायची, "माझं मशीन नाही" ऐकून घ्यायचं नाही. भुसा वापरलात तर त्याच दिवशी उचलून झाकणाच्या डब्यात. आणि 210 लिटरचं भरलेलं बॅरल दोनशे किलोच्या घरात जातं, ते एकट्याने कलवायला गेलेल्या माणसाचे पाय मी दोनदा प्लास्टरमध्ये पाहिलेत.

राहिली रिकामी बॅरलं. कापून देऊ नका. रिकाम्या बॅरलच्या तळाशी नि शिवणीत वाटीभर तेल राहतंच. ग्राइंडरने किंवा गॅसने कापताना ते तापून वाफ होते, बंद पोकळीत हवेबरोबर मिसळते आणि बॅरलचा बॉम्ब होतो. भरलेल्यापेक्षा रिकामं जास्त धोक्याचं ते यामुळेच. त्यात आधी थिनर किंवा पेट्रोल असेल तर पहिल्या ठिणगीलाच. बूच उघडं ठेवून कापतो, पाण्याने धुऊन कापतो असं सांगणारे भेटतील. तळाची शिवण पाण्याने धुतली जात नाही. बॅरलं तशीच, बुचं लावून, परवानाधारक बॅरलवाल्याला द्या. गावातल्या मंडळींना पावसाचं पाणी धरायला हवं असेल तर म्हापशाच्या बाजारात प्लास्टिकची निळी पिंपं मिळतात, खाण्याच्या मालाची होती ना एवढं विचारून घ्यायला सांगा.

आणि आज पाळी सुटायच्या आत त्या ऑपरेटरचे दोन्ही हात उजेडात बघून घ्या.